काचेच्या अलीकडे की पलीकडे? डिक कथेल आणि ब्रिटनमधला पितळी वाद्यांचा सेशन वादक

अनुजा_कॉर्नेट

नमस्कार. मी बर्मिंगहॅमला ध्वनिमुद्रण शिकते, दुसरं वर्ष. नऊ वर्षांची असताना शाळेने हातात कॉर्नेट (ट्रंपेटसारखं छोटं पितळी वाद्य) दिलं, ते आजवर सुटलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या एका शिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "एक काय ते ठरव. काचेच्या अलीकडे बसून रेकॉर्ड करायचं की पलीकडे उभं राहून वाजवायचं? दोन्ही करणाऱ्याला या धंद्यात कोणीच धड बोलावत नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. तरी घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

त्याच आठवड्यात धर्मादाय दुकानातून तीन जुन्या एलपी उचलल्या. कव्हेंट्रीच्या द स्पेशल्स या बँडची पहिली, १९७९ ची. युरिथमिक्सची 'टच', १९८३ ची. आणि ट्रंबोनवादक रिको रॉड्रिग्ज यांची 'दॅट मॅन इज फॉरवर्ड', १९८१ ची. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे. तिन्हीकडे एकच नाव दिसलं: डिक कथेल. पहिल्या दोन्हींवर पितळी वाद्यं वाजवणारा, तिसरीवर चक्क निर्माता!

हा माणूस कोण? एकाच माणसाने दोन्ही कामं कशी केली? आणि असा सेशन वादक, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर पैसे घेऊन वाजवणारा, जगतो कशावर? स्टुडिओत गेला, तीन तास वाजवलं, घरी आला, एवढंच असतं का? कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा, प्लीज. मला खरंच हवं आहे.

फ्लूगल_कव्हेंट्री

अनुजा, हे नाव कुणीतरी विचारेल याची मी किती वर्षं वाट बघतोय. लांबण लागेल, पण वाच.

मी १९७८ मध्ये कव्हेंट्रीला आलो, फिटर म्हणून. रात्रपाळी असायची. सकाळी बसने परतताना अर्ल्सडनवरून जायचो. तिथल्या ऑल्बनी रोडवरच्या एका घरातून स्पेशल्सचा जेरी डॅमर्स नावाचा पोरगा टू टोन ही रेकॉर्ड कंपनी चालवतो, हे मला फार उशिरा कळलं. पुढे आमच्या कारखान्याच्या ब्रास बँडमध्ये एक जागा रिकामी झाली आणि १९८३ पासून मी फ्लूगलहॉर्न वाजवायला लागलो. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये पंचवीस-अठ्ठावीस माणसं असतात, कॉर्नेटं दहाएक, पण फ्लूगल एकच. ती खुर्ची मिळाली की माणूस सोडत नाही. मीही सोडलेली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या वाद्यातूनच द्यावं लागेल. ट्रंपेटची नळी बरंच अंतर समान जाडीची असते, म्हणून आवाज सुरीसारखा सरळ येतो. कॉर्नेटची नळी हळूहळू रुंदावत जाते. फ्लूगलची तर आणखी रुंद, आणि माउथपीसची वाटी खोल. त्यामुळे त्याचा आवाज गोल आणि मागे सरलेला येतो. गर्दीतला एखादा माणूस न ओरडता बोलावा आणि तरी त्याचंच ऐकू यावं, तसा. कथेल ट्रंपेट वाजवायचा, पण टू टोनच्या तबकड्यांवर त्याची खरी ओळख फ्लूगल आणि कॉर्नेट. स्का या जमैकन नाचगाण्याची ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, म्हटली की लोकांना चकचकीत दणदणाट आठवतो. स्पेशल्सची ब्रास तशी नाही. तिच्या कडा बोथट आहेत, आणि मला ती त्यामुळेच प्रिय आहे.

आता रिको. रिकोशिवाय कथेल सांगताच येत नाही. रिकोचा जन्म १९३४ चा, हवानातला. वाढला जमैकात, किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये. ती शाळा नन चालवायच्या आणि तिथली अनाथ-गरीब मुलं पितळी वाद्यं शिकून बाहेर पडायची. थोर ट्रंबोनवादक डॉन ड्रमंड तिथलेच, आणि त्यांनीच रिकोला शिकवलं. १९६१ च्या अखेरीस रिको ब्रिटनला आला. इथे त्याला वाजवायचं काम मिळालं, पण पोटासाठी संगीताबाहेरची कामंही करावी लागली. 'अ मेसेज टू यू, रूडी' हे गाणं डँडी लिव्हिंगस्टनने १९६७ मध्ये केलं तेव्हा ट्रंबोन रिकोचं होतं. बारा वर्षांनी स्पेशल्सने तेच गाणं घेतलं तेव्हाही ट्रंबोन रिकोचंच. आणि आता त्याच्या खांद्याला खांदा लावून कथेल.

कथेल मूळचा वादक, पण आयलंड रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत इंजिनीअर म्हणूनही काम केलेला. म्हणजे तुझ्या शिक्षकांची ती काच त्याने दोन्ही बाजूंनी पाहिली होती. रिको नेमका का फुलतो आणि कधी मिटतो, हे त्याला शेजारी उभं राहून कळत होतं. काचेमागून ते दिसत नाही. श्वास संपत आला की ट्रंबोनवाला खांदे किंचित वर घेतो. शेजारचा वादक ते बघून आपला सूर दोन मात्रा जास्त धरतो, पोकळी भरून काढतो. या जोडीत मला हे सतत ऐकू येतं.

स्पेशल्सचं 'घोस्ट टाउन' हेडफोन लावून ऐक. १९८१ चा एप्रिल, लेमिंग्टन स्पामधला वुडबाइन स्ट्रीट नावाचा छोटासा स्टुडिओ, आठ ट्रॅकचं यंत्र, निर्माता जॉन कॉलिन्स. आठच ट्रॅक म्हणजे काय ते तू शिकतेसच. ब्रासचे थर एकत्र करून बसवायचे, आणि एकदा बसवले की वेगळे काढता येत नाहीत. म्हणून वाजवतानाच तोल सांभाळावा लागतो. कोण पुढे, कोण मागे, हे ओठांनी ठरवायचं. मिक्सिंगची समज असलेला वादक अशा वेळी सोन्यासारखा. गाण्याच्या लांब आवृत्तीत रिकोचं ट्रंबोन एकटंच बोलतं, तो भाग चुकवू नकोस.

ते गाणं जूनमध्ये बाहेर आलं. त्याच महिन्याच्या वीस तारखेला कव्हेंट्रीच्या बट्स मैदानावर वर्णद्वेषाविरुद्ध मोठा कार्यक्रम झाला, त्यात स्पेशल्स वाजले. एप्रिलमध्ये भर शहरात भारतीय वंशाच्या एका तरुण विद्यार्थ्याचा खून झाला होता. त्या दिवसांत आम्ही रात्रपाळीला दोघं-तिघं मिळूनच निघायचो. मी त्या मैदानात होतो. पुढच्या महिन्यात ब्रिटनच्या शहराशहरांत दंगली पेटल्या आणि हे गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ती ब्रास मला नुसती गोड वाटत नाही ती यामुळे. आमच्या भीतीला तेव्हा एवढाच आवाज होता.

आता निर्माता कथेल. 'दॅट मॅन इज फॉरवर्ड' किंग्स्टनला जो गिब्सच्या स्टुडिओत केली. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावी रिको आपल्या जुन्या सोबत्यांबरोबर वाजवतोय. निर्माता म्हणून कथेलने तिथे काय केलं, याचं माझं उत्तर असं: त्याने जागा मोकळी ठेवली. ट्रंबोनभोवती हवा आहे. पुढच्या वर्षी 'जमा रिको' आली, ती कथेलने डॅमर्ससोबत केली. पुढे स्पेशल एकेएच्या (स्पेशल्सचंच नंतरचं नाव) १९८४ च्या 'इन द स्टुडिओ'वर त्याचं नाव आहेच. आणि तुझ्या हातातली 'टच': 'राइट बाय युअर साइड' लाव. बाकी सगळा सिंथेसायझरचा संसार आणि मध्येच हे खरे श्वास. दोन्ही एकमेकांना धक्का लावत नाहीत.

तुझ्या शिक्षकांना एवढंच सांग, की रिकोला निर्माता म्हणून कथेल मिळाला तो वादक होता म्हणून.

वसुधा_लंडन

काकांनी संगीताचं सांगितलं, मी पैशाचं सांगते. बरीच वर्षं लंडनमध्ये संगीताच्या हक्कांचे हिशेब केले आहेत.

अनुजा, "तीन तास वाजवलं, घरी आला" असं तू लिहिलंस, ते बहुतेकांच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. म्युझिशियन्स युनियनच्या करारात रेकॉर्डिंगचं सेशन तीन तासांचं धरतात आणि त्यात जास्तीत जास्त वीस मिनिटांचं वापरण्याजोगं संगीत घेता येतं. फी ठरलेली. गाणं पडलं काय नि गाजलं काय, फी तीच.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण डेव्हिड मेसन यांचं. न्यू फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचे ट्रंपेटवादक. जानेवारी १९६७ मध्ये टीव्हीवर ते बाखचा दुसरा ब्रँडनबर्ग कंचेर्टो वाजवत होते, ते बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने पाहिलं. आठवड्याभरात त्यांना बोलावणं आलं. १७ जानेवारीला ते नऊ ट्रंपेटं घेऊन स्टुडिओत गेले. मॅकार्टनी गाऊन दाखवत होता आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन ते स्वरलिपीत उतरवत होते. शेवटी छोटं, उंच सुराचं पिकोलो ट्रंपेट निवडलं. 'पेनी लेन'मधला तो झळाळता तुकडा जगातल्या कोट्यवधी लोकांना तोंडपाठ आहे. मेसन यांना मिळाले २७ पौंड १० शिलिंग.

मला याचा राग येतो, आजही. मेसन यांनी स्वतः कुरकुर केली की नाही हा वेगळा मुद्दा. पण गाण्याचा चेहराच ज्याने घडवला त्याचं नाव हिशेबात कुठेच नसावं?

पुढे दोन गोष्टी बदलल्या. १९९६ च्या अखेरीस ब्रिटनच्या कायद्यात आलं की तबकडी रेडिओवर किंवा सार्वजनिक ठिकाणी वाजली, तर त्या पैशात वादकालाही रास्त वाटा मिळायला हवा, अगदी सेशन वादकालाही. हे पैसे पीपीएल ही संस्था गोळा करते आणि वाटते. दुसरा बदल १ नोव्हेंबर २०१३ चा. ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पन्नास वर्षांवरून सत्तर वर्षांवर गेलं. आणि एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडलेल्या सेशन वादकांसाठी कंपन्यांनी त्या वाढीव वर्षांतल्या विक्रीच्या उत्पन्नातला वीस टक्के भाग वेगळा काढायचा, असं ठरलं.

हिशेब करून बघ. 'पेनी लेन' १९६७ चं, म्हणजे पन्नास वर्षं २०१७ अखेर भरली. मेसन २०११ मध्येच गेले. 'घोस्ट टाउन'ची पन्नास वर्षं २०३१ अखेर भरतील, म्हणजे त्यावर वाजवणाऱ्यांच्या वाट्याला हा भाग त्यानंतर.

तुझ्यासाठी कामाची गोष्ट. ज्या दिवशी वाजवशील त्याच दिवशी, स्टुडिओ सोडायच्या आधी, कोणी काय वाजवलं हे कागदावर लिहून घे. पूर्ण नाव, वाद्य, गाणं, तारीख. निर्माता म्हणून नुसतं काचेमागे बसलं तर वादकाचा वाटा मिळत नाही. पण तू त्यावर कॉर्नेट वाजवलंस, किंवा कंडक्टरसारखं वादकांकडून प्रत्यक्ष वाजवून घेतलंस, तर तो मागता येतो. नोंद नसेल तर दहा वर्षांनी सिद्ध करायला जीव जातो. मी असे कितीतरी म्हातारे वादक पाहिलेत. रेडिओवर स्वतःचा सूर ओळखतात, पण त्यांच्याकडे एक चिठोरंही नसतं.

निखिल_ट्रंबोन

काकांचं सगळं पटलं, पण एक जोडायचं आहे. नाहीतर अनुजाचा गैरसमज होईल.

'सेशन वादक' हा एकच प्राणी नाही. लंडनच्या मोठ्या स्टुडिओंत फिक्सर नावाचा माणूस असतो, तो फोन करून वादक जमवतो. सकाळी दहाला चित्रपट, दुपारी जाहिरात, संध्याकाळी कुणाचं तरी पॉप गाणं. कागद समोर येतो आणि पहिल्या फटक्यात बिनचूक वाजवावं लागतं. या जगाचा राजा डेरेक वॉटकिन्स. जन्म १९४५ चा, रेडिंगचा. सतराव्या वर्षी पहिल्या जेम्स बाँड चित्रपटात, १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये वाजवलं, आणि २०१२ च्या 'स्कायफॉल'पर्यंत मालिकेतल्या प्रत्येक चित्रपटात वाजवत राहिले. पन्नास वर्षं! अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीने त्यांना 'मिस्टर लीड' म्हटलं होतं. सर्वांत वरचा सूर पकडून अख्खी फळी ओढून नेणं सोपं नाही. मी तिसऱ्या ट्रंबोनवर बसून अशा आघाडीच्या ट्रंपेटमागे वाजवलं आहे. ओठ फाटायची वेळ येते, आणि तो माणूस नुकताच चहा पिऊन आल्यासारखा वाजवत असतो.

असं आयुष्य जगणाऱ्याला मिक्सरवर बसायला वेळच उरत नाही. आणि ओठ हा स्नायू आहे. चार दिवस सुटी घेतलीस की पाचव्या दिवशी तो हिशेब मागतो. तुझे शिक्षक बहुधा या जगातून बोलत असावेत. त्या जगापुरतं त्यांचं म्हणणं चूक नाही.

कथेल दुसऱ्या प्रकारचा. तो ठरावीक माणसांशी बांधलेला होता: रिको, डॅमर्स, टू टोनचा गोतावळा. कागदावरचं वाजवून निघून जायचं, असं ते काम नव्हतं. ब्रासचा भाग तिथेच उभ्या उभ्या सुचवायचा, वाजवायचा, ऐकायचा, बदलायचा. असा वादक निम्मा निर्माता झालेलाच असतो, पाकिटावर नंतर छापून येतं इतकंच. तुला कोणतं जग हवंय ते आधी बघ. काच आपोआप जागेवर येईल.

अनुजा_कॉर्नेट

तुम्हा तिघांचे कसे आभार मानू? काका, काल रात्री हेडफोन लावून 'घोस्ट टाउन' सलग सहा वेळा ऐकलं. तुम्ही म्हणता ते दोन मात्रा धरून ठेवणं मला चौथ्या वेळी ऐकू आलं. आई आत आली तर मी डोळे पुसत होते.

वसुधाताई, मी मागच्या वर्षी दोन मित्रांच्या गाण्यांवर वाजवलंय आणि कुठेच लिहून ठेवलेलं नाही. आजच दोघांना फोन केला. निखिलदादा, मला दुसरं जग हवंय. हे लिहिताना हात थरथरला, पण हवंय.

आता अडचण. वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी एक ट्रंबोन आणि एक फ्लूगल रेकॉर्ड करायचं ठरवलंय. काल मी कॉर्नेटवर चाचणी घेतली, माइक तोंडासमोर फूटभर अंतरावर. आवाज कोरडा, टोचरा आला, थुंकीसकट. दोघांना वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जुळवू का?

फ्लूगल_कव्हेंट्री

वेगवेगळं करू नकोस. एका खोलीत, एकमेकांचे खांदे दिसतील असे उभे कर. श्वास एकत्र घेतला की सूर एकत्र सुटतो. नंतर संगणकावर ओढून जुळवलेला सूर जुळतो, पण श्वास जुळत नाही.

फूटभर फार जवळ होतं. वाद्याच्या तोंडाच्या नेमक्या रेषेत माइक ठेवलास की सगळी धार तिथेच आदळते. तीन-चार फूट मागे घे आणि रेषेतून थोडा बाजूला सरकव. कॉलेजात रिबन माइक असेल तर तो माग, पितळी वाद्यांची टोचणी तो मऊ करतो. फक्त थेट फुंकर त्यावर जाऊ देऊ नकोस, आतली पट्टी नाजूक असते. रिबन पुढून जसा ऐकतो तसाच मागूनही, त्यामुळे दोघांना त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं करता येईल. फ्लूगलवाला दबला तर आवाज वाढवायच्या आधी त्याला अर्धं पाऊल पुढे घे. मग ट्रंबोनवाल्याला थोडं मागे. पावलांनी तोल साध, स्लायडरला हात शेवटी.

आणि जमलं तर एकदा कव्हेंट्रीला ये. वॉल्सग्रेव्ह रोडवर टू टोन व्हिलेजमध्ये संगीताचं संग्रहालय आहे, ते बघू. शहरातलं मध्यवर्ती ग्रंथालय आज ज्या इमारतीत आहे, तिथे पूर्वी लोकार्नो नावाचं नाचघर होतं, पुढे त्याचंच टिफनीज झालं. स्पेशल्स तिथे वाजलेत. मी ब्रास बँडची पुस्तकं तिथूनच आणतो.

प्रकल्पाला फ्लूगलवाला मिळाला नाही तर मला कळव. शनिवारी सकाळी आमची तालीम असते, दुपारपासून मी मोकळा आहे. येताना व्हॉल्व्हचं तेल तेवढं घेऊन ये, माझ्या तिसऱ्या व्हॉल्व्हला थंडीत ते लागतंच.

निखिल_ट्रंबोन

ट्रंबोन मी. शनिवारी दुपारी चालेल.